समजूत कुणी काढलीच नाही : एका केसची नोंद

हात मोडला तेव्हा ताईंनी घरी कुणालाच फोन केला नाही, इथून सुरू करते.

जुलै २०२३. डोंबिवली स्टेशनचा पूल, धो धो पाऊस, संध्याकाळची गर्दी. ताई घसरून पडल्या, डावं मनगट सुजून टम्म. कुणीतरी अनोळखी बाईने रिक्षात बसवून दिलं. एक्सरे, हाड जागेवर बसवून प्लास्टर, मेडिकलमधून गोळ्या, परत रिक्षा, घर. घरी येऊन उजव्या हाताने कुकर लावला, आमटी केली, पोळ्या करता येईनात म्हणून कोपऱ्यावरून पोळ्या मागवल्या. मिस्टर साडेनऊला आले, हातपाय धुऊन जेवायला बसले, ताट पुढे आलं तेव्हा त्यांना प्लास्टर दिसलं. हे काय? "काही नाही, जरा पडले." फोन का नाही केलास? "तुम्ही कामात असाल म्हटलं."

मिस्टर गप्प झाले. वीस वर्षांची लेक मात्र उठली आणि तिने ताट तसंच टाकलं. म्हणाली, आई तू घरात असतेस पण तू कुठे असतेस तेच कळत नाही, तुझा हात मोडला तरी आम्हाला ताटाबरोबर कळतं, आणि मला काही झालं तरी तू ताटच पुढे करतेस.

हे सगळं मला पुढे तीन-चार सेशन्समध्ये तुकड्यातुकड्यानं कळलं. मी डोंबिवलीतच समुपदेशन करते. ताईंच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं बरंचसं बदललंय, त्यांनी स्वतः हा मजकूर वाचून दोन ठिकाणी दुरुस्त्याही सांगितल्या. लिहायला त्या का तयार झाल्या ते पुढे येईलच.

त्या रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, छातीवर दगड ठेवल्यासारखं. हा दगड जुना होता. आधीच्या दोन वर्षांत ईसीजी झालेला, टूडी इको झालेली, थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह सगळं बघून झालेलं, सगळं नॉर्मल. त्या रात्री त्यांनी शाळेच्या नोटीस बोर्डवर लावलेला टेली मानसचा नंबर फिरवला, १४४१६ (त्या शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहेत, ते पोस्टर त्यांनी स्वतःच चिकटवलेलं). केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालीय, चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं. समोरच्या मुलीने काय होतंय विचारल्यावर ताई म्हणाल्या, "काही नाही, असंच केला," आणि फोन ठेवला. चार दिवसांनी परत केला. या वेळी बोलल्या. तिकडून सांगितलं की जवळ कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा. तशा त्या माझ्याकडे आल्या, प्लास्टर अजून हातात.

पहिल्या दिवशी मी विचारलं, काय त्रास होतोय? म्हणाल्या, "मला काही नाही हो मॅडम, मुलगी फार चिडचिड करते, तिच्यासाठी आलेय."

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली असते, नैराश्याचा अंदाज घ्यायला, एकूण गुण २७. ताईंचे आले ११. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष द्यायचं असतं, म्हणून मी त्यांना सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी तपासून सांगितलं की आत्ता औषध नको, थेरपी चालू ठेवा आणि महिन्याने परत दाखवा. हे मुद्दाम लिहितेय, कारण छातीत दडपण असलेल्या माणसाला थेट "मनाचं आहे" म्हणून बसवून ठेवणं बरोबर नाही. आधी शरीर तपासून घ्या, मग डॉक्टरांचं मत, मग बोलणं.

पहिले तीन-चार आठवडे माझा एकच अनुभव. मी विचारायचे काय वाटलं, आणि त्या सांगायच्या काय घडलं. लेक ताटावरून उठली तेव्हा तुम्हाला काय वाटलं? "मिस्टरांचं जेवण राहिलं." बरं, पण तुम्हाला? "तिला वाईट वाटलं असणार." तुम्हाला ताई? आणि मग त्या खरंच थांबून विचार करायच्या, कपाळाला आठ्या घालून, एखादा हिशेब जुळत नाहीये तशा, आणि म्हणायच्या, "ठीकच होतं." टाळत नव्हत्या, हे मला नक्की सांगायचंय. त्या शोधत होत्या आणि तिथे त्यांना काही सापडत नव्हतं.

तर आता मागे जाऊया.

ताईंचा जन्म १९७६ चा, लालबागच्या चाळीतला. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, हे गिरणगावातल्या घरांना वेगळं सांगायला नको. पहिले दोन-तीन महिने उधारीवर निघाले, मग भांडी गेली, मग माणसं पांगली. कितीतरी घरांनी बायकापोरं कोकणात नाहीतर घाटावर गावी पाठवली. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, रात्रभराची एसटी. मे महिन्यात आई ताईंना घेऊन राजापूर तालुक्यातल्या गावी गेली, आठ दिवस राहिली आणि निघताना म्हणाली, "मी जाऊन येते."

ताई पाच-साडेपाच वर्षांच्या. परत मुंबईला आल्या त्या १९८६ च्या जूनमध्ये, पाचवीला.

या चार वर्षांत त्यांच्याशी कुणी वाईट वागलं का? नाही. हे मी खोदून खोदून विचारलं, विचारावंच लागतं. आजी मायाळूच होती, पण साठीची, भातशेती, गुरं, शिवाय काकाची तीन मुलं, त्यात ही चौथी. पेज वेळेवर मिळायची. तापात आजी रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायची. शाळेत पाठवलं, दप्तर दिलं. कुणी हात उगारला नाही. फक्त चार वर्षांत एकाही माणसाने त्या पोरीला विचारलं नाही की तुला आईची आठवण येते का. विचारून करायचं तरी काय होतं म्हणा, आठवण येते म्हणाली असती तर आणणार कुठून आई. मोठी माणसं असे प्रश्न टाळतात त्यामागे बऱ्याचदा हीच हतबलता असते.

वडिलांची पोस्टकार्डं यायची. ताईंनी ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलीत, अकरा आहेत, एक दिवस त्यातलं एक घेऊन आल्या. पिवळं पडलेलं कार्ड, निळी शाई, बारीक गिचमिड अक्षर कारण जागा कमी. मजकूर सगळा आजीला. ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व ठीक, संपाचे अद्याप काही नाही, या महिन्यात मनीऑर्डर जमणार नाही. आणि अगदी तळाशी, कार्ड संपत आलेलं म्हणून कडेला उभं लिहिलेलं, "चि. बेबीस आशीर्वाद. तिने आजीस त्रास देऊ नये."

मी विचारलं बाकीच्या दहांमध्ये काय आहे? म्हणाल्या, शेवटची ओळ सगळीकडे तीच. आणि एका कार्डात, १९८४ च्या, त्या ओळीच्या आधी आणखी एक: तिला भाऊ झाला.

त्या कार्डातली "तिने" मला फार वेळ सोडून गेली नाही. ती ओळ त्या मुलीला लिहिलेलीच नव्हती, तिच्याबद्दल आजीला लिहिलेली होती. पण वाचून दाखवायची वेळ आली की आजी निरक्षर, म्हणून दुसरी-तिसरीपासून पत्रं वाचायचं काम ह्याच पोरीकडे. स्वतःच्या तोंडाने मोठ्याने वाचायचं, तिने त्रास देऊ नये.

मधे एकदा गणपतीत आईवडील आले. जाताना एसटीच्या थांब्यावर सगळे पोचवायला. काकाची धाकटी मुलगी रडायला लागली, तिला काकूने कडेवर घेतलं. ताई रडल्या नाहीत. डबल बेल वाजली, गाडी हलली, आणि मागून कुणीतरी म्हणालं, बघा पोर किती समजूतदार आहे. ताईंना तो क्षण चांगल्या आठवणीत जमा आहे. सांगताना चेहरा उजळला होता. कौतुक झालं होतं ना.

मुंबईत परत आल्या तेव्हा घर बदललेलं. आई पहाटे चारला उठून पोळीभाजीचे डबे करायची, वडील एका बिल्डिंगवर रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपलेले, म्हणून घरात आवाज करायचा नाही. दोन वर्षांचा भाऊ, ज्याला ही कोण ते माहीत नाही. दहा वर्षांची मुलगी आल्या दिवसापासून पीठ मळायला बसली. पुढची गोष्ट लांबवत नाही: बारावी, टायपिंग, नोकरी, १९९९ मध्ये लग्न, एक मुलगी. २०१७ मध्ये वडील गेले. सगळी धावपळ, स्मशानाचे कागद, पेन्शनचे फॉर्म ताईंनी केले. रडू आलं नाही. तेव्हाही नातेवाईक म्हणाले, फार धीराची आहे हो.

ताईंच्या वाट्याला जे आलं त्याला भावनिक दुर्लक्ष म्हणतात. ते म्हणजे काय ते इथे थोडं बोलते, कारण हा शब्द ऐकला की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यापुढे दारुडा बाप किंवा सावत्र आई येते. मारलं असेल तर वळ दाखवता येतो, शिव्या दिल्या असतील तर त्या सांगता येतात. दुर्लक्षात काही घडलेलंच नसतं, जे घडायला हवं होतं ते घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची आठवण कशी राहणार? म्हणून अशी माणसं येतात ती म्हणतात माझं बालपण छान गेलं, काही तक्रार नाही, फक्त मला काही वाटत नाही.

अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग काही मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून नुसती बघत बसते. बाळ आधी हसून बघतं, बोट दाखवतं, हात पुढे करतं, किंचाळतं, आणि काहीच परत येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं. त्याच बाळाकडे आई परत हसून वळली की हळूहळू सगळं सावरतं, हेही त्या प्रयोगात दिसतं. ताईंच्या बाबतीत मला ती फिरवलेली मानच दिसत होती, फक्त ती सावरायला चार वर्षं कुणी आलं नाही, आणि जेव्हा आई मिळाली तेव्हा तिच्याकडे चेहरा वळवायला वेळ नव्हता.

व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ पासून प्रसिद्ध होत गेलेला सॅन दिएगोचा मोठा अभ्यासही या क्षेत्रातल्या लोकांना माहीत असतो, दोन टप्प्यांत मिळून १७,००० हून जास्त माणसं, लहानपणीचे वाईट अनुभव आणि पुढचे आजार यांचा संबंध. त्यातून जी दहा मुद्द्यांची यादी पुढे वापरात आली त्यात भावनिक दुर्लक्ष हा वेगळा मुद्दा आहे. ती यादी मी ताईंबरोबर घेतली. घरात आपल्यावर कुणाचं प्रेम नाही, आपण कुणाला महत्त्वाचे नाही असं वाटायचं का, अशा अर्थाचा प्रश्न आला तेव्हा ताई म्हणाल्या, "प्रेम होतं हो." आणि खूण केली नाही. म्हणजे कागदावर शून्य. मला वाटतं अशा याद्या परिचयापुरत्या ठीक आहेत, माणूस त्यात मावतोच असं नाही.

आणि इथे माझं चुकलं. पाचव्या सेशनला मी त्यांना आईला पत्र लिहायला सांगितलं, पाठवायचं नाही, नुसतं लिहायचं, मनात जे राहिलं ते. नेहमीचा प्रकार आहे, बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. ताई "बरं" म्हणाल्या आणि पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात आल्या, आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी आवाज चढवला असेल तर तो माझ्यावर: "माझ्या आईने काय केलं हो? चारला उठून डबे केलेत तिने, हाताला भाजल्याचे डाग आहेत अजून, तिला मी कशाला बोल लावू?"

मला आधी वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं. राग आला होता त्यांना, आणि तो त्यांनी दाखवला होता. पण त्यांचं म्हणणंही खरं होतं. मी न विचारता गृहीत धरलं होतं की बरं व्हायचं म्हणजे आईवर रागावता आलं पाहिजे. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि फळ्यावर दोन प्रश्न लिहिले, वेगवेगळ्या कोपऱ्यात. एक, आईचं चुकलं का? दोन, मला काही कमी पडलं का? म्हटलं पहिल्याचं उत्तर आपण देणार नाही आहोत, ते आपलं कामच नाही. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही. दुष्काळात विहीर आटली तर विहिरीचा दोष नसतो, पण तहान लागलेली असते ना.

बराच वेळ त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हो. पडलं."

माझ्या मते ही केस तिथे वळली. आपल्याकडे या वाटेवर लोक अडतात ते बहुतेक इथेच, आईबापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्याशिवाय स्वतःची तहान मान्य करायची सोय नाही असं वाटतं, आणि ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्यांना पिंजऱ्यात उभं करायला मन धजत नाही. मग माणूस स्वतःचंच म्हणणं मागे घेतो. गुन्हेगार सापडल्याशिवाय जखमेवर औषध लावायचं नाही असा नियम कुठेही नाही.

त्यानंतर आम्ही शब्दांपासून सुरुवात केली. भावना ओळखायच्या तर त्यांना नावं हवीत, आणि आपण दुःख, आनंद, राग, भीती ही चार नावं सांगून मोकळे होतो. मराठीत केवढे शब्द आहेत, मी चाळीसेक कार्डं केली: हुरहूर, घालमेल, धसका, हिरमुसणं, कासावीस, गलबलणं, कसंनुसं होणं, पोटात कालवणं, चडफड, उमाळा, गहिवर, जीव टांगणीला लागणं, ओशाळणं, रुखरुख, सुन्न. रोज रात्री एक कार्ड उचलायचं, आज हे कधी झालं का बघायचं, झालं असेल तर शरीरात कुठे ते एका ओळीत डायरीत लिहायचं. पहिले दहा दिवस डायरीत फक्त "नाही". अकराव्या दिवशी, "रुखरुख. लेकीने हाक मारली, मी फोनवर होते. घशात." एवढंच. ती ओळ त्यांनी मला वाचून दाखवली तेव्हा आवाज हलका झाला होता.

एकदा कार्डं चाळताना "रुसणं" आलं तर त्यांनी ते बाजूला काढून परत माझ्याकडे सरकवलं. हे माझं नाही मॅडम, मी कधीच रुसले नाही. कधीच? "नाही. रुसून काय करणार, समजूत काढायला कोण होतं."

बोलून गेल्या आणि थांबल्या. मीही थांबले. समजूतदार आणि समजूत काढणं, एकच शब्द आहे की. रुसलेल्या पोराची कुणीतरी समजूत काढतं, जवळ घेतं, काय झालं विचारतं, थोडं त्याचं ऐकतं थोडं आपलं सांगतं, असं शंभरदा झालं की त्याला हळूहळू स्वतःची समजूत घालता येते. या मुलीला मधला सगळा रस्ता न दाखवता एकदम मुक्कामाला नेऊन बसवलं होतं आणि वर शाबासकी दिली होती. त्या दिवशी ताई रडल्या. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, वॉचमन बाप आत झोपलाय तशा. मी म्हटलं ताई, इथे कुणी झोपलेलं नाही.

पुढचं काम कंटाळवाणं वाटेल इतकं छोटं छोटं आहे, पण बरं होणं बहुतांश त्यातच असतं म्हणून सांगते. आठवड्याला एक गोष्ट मागायची. मोठी नाही. पहिल्या आठवड्यात: मिस्टरांना म्हणायचं, आज चहा तुम्ही करा. ताईंनी ते तीन दिवस पुढे ढकललं, चौथ्या दिवशी म्हटलं, मिस्टर लगेच उठले, आणि चहा होईपर्यंत ताईंना बसवेना, हाताचं काय करावं कळेना, दोनदा उठून ओट्यापाशी गेल्या. चहात साखर जास्त झालेली. त्यांनी सांगितलं का? नाही. दुसऱ्या वेळी सांगितलं. "साखर थोडी कमी घाला," एवढं वाक्य बोलायला सत्तेचाळीस वर्षं लागली असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि त्यात दुःख होतं तसा एक प्रकारचा अभिमानही होता.

मिस्टरांना मी एकदा बोलावलं. साधा, सरळ माणूस. म्हणाले, चोवीस वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नाही, सुरुवातीला वाटायचं नशीबवान आहोत, मित्रांच्या घरी कटकटी ऐकायचो ना. नंतर नंतर वाटायला लागलं हिला माझी गरज नाही. मग मीपण विचारायचं सोडलं. ताई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांना हे माहीतच नव्हतं. त्रास न देणं म्हणजे समोरच्यावर उपकार करणं असंच त्यांच्या डोक्यात पक्कं होतं, त्याने समोरचा एकटा पडतो हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

लेकीचं जास्त अवघड गेलं, आणि मला वाटतं ते तसं जाणारच होतं. ज्या गोष्टी मिळाल्या नाहीत त्या द्यायला येत नाहीत, इच्छा असली तरी. नववीत असताना लेकीची जवळची मैत्रीण तुटली होती, ती रडत घरी आली तेव्हा ताईंनी तिच्यापुढे गरम उपमा ठेवला होता आणि म्हणाल्या होत्या, होईल ठीक. लेकीला तो उपमा आजही आठवतो, रागाने. ताईंनाही आठवतो, त्यांना वाटलं होतं आपण तिच्यासाठी किती केलं. दोघींचं खरं आहे. मी ताईंना एकच वाक्य दिलं, पाठ करायला म्हणून दिलं: "मला काय बोलावं कळत नाही, पण मी इथे बसते." ते त्यांनी नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा वापरलं, लेक कसल्यातरी परीक्षेवरून धुमसत होती. लेक म्हणाली, हे तुला मॅडमनी शिकवलं ना? ताई म्हणाल्या, हो. आणि बसल्या. लेकीने दहा मिनिटं मोबाईल बघितला. मग मोबाईल बाजूला ठेवून आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. हे मला लेकीने नंतर सांगितलं, ताईंनी नाही.

सगळं असं सरळ चढत गेलं नाही. मार्च २०२४ मध्ये ताईंना तीन दिवस ताप होता आणि त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही, शाळेत जात राहिल्या, लेकीने गोळ्यांचं पाकीट बघून पकडलं. त्यांना फार लाज वाटली, म्हणाल्या एवढं करून मी तिथेच. मी म्हटलं पाच वर्षांच्या मुलीने जीव वाचवायला जी सवय लावून घेतली ती अशी एका वर्षात जाणार नाही, आणि तिला हाकलूनही लावायचं नाही, तिनेच तुम्हाला इथवर आणलंय. फरक एवढा बघायचा की आता कळायला किती वेळ लागतो. तेव्हा तीन दिवस लागले. ऑगस्टमध्ये अंगात कणकण आली तेव्हा संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना माहीत होतं.

सेशन्स चौदा महिन्यांत एकतीस झाले. पीएचक्यू-९ शेवटी ४ वर आला. छातीवरचा दगड अजून येतो, पण आला की त्या आता थांबून बघतात की मी काय मागायचं टाळलं. हा मजकूर छापायला हरकत नाही असं त्यांनी सांगितलं ते ऑफिसातल्या एका तरुण शिक्षिकेमुळे, ती मुलगी म्हणे कुणाकडे काहीच मागत नाही आणि सगळे तिचं कौतुक करतात.

आईकडे जायचं मी सुचवलं नव्हतं. ताईंनीच ठरवलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, भावाकडे नालासोपाऱ्याला असतात. दिवाळीआधी एका रविवारी गेल्या, मेथी निवडता निवडता विचारलं, आई, मला गावी ठेवलंत तेव्हा तुला माझी आठवण यायची का गं? आई मेथी निवडत राहिल्या. म्हणाल्या, "तेव्हा सगळ्यांचीच पोरं गावी होती." एवढंच. ताईंनी पुढे विचारलं नाही. ट्रेनमध्ये रडल्या, खिडकीकडे तोंड करून, पण शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली ती घेतली. मला म्हणाल्या, हवं होतं ते मिळालं नाही मॅडम, पण विचारलं मी.

पुढे महिन्याभराने परत गेल्या, असंच, भेटायला. निघताना दारात आईने त्यांचा डावा हात धरला, मनगटावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "दुखतो का गं अजून?" ताई सांगत होत्या की "नाही, बरा आहे" हे तोंडात आलं होतं. मग म्हणाल्या, हो, थंडीत दुखतो.

आई आत गेली आणि बाटलीतलं तिळाचं तेल घेऊन आली. रात्री कोमट करून लाव म्हणाली.

मी विचारलं, लावता का? म्हणाल्या, रोज. लेक लावून देते.